बाटली

गेल्या डिसेंबरात बदलापूरला एका लग्नात मी माती खाल्ली. जेवणाच्या लायनीत उभा होतो, हातात प्लेट, पुढे जिलबीच्या कढईभोवती पोरांची गर्दी, आणि माझ्यापुढे तीन माणसं सोडून एक पाठमोरा माणूस. टक्कल, झब्बा, गळ्यात तुळशीची माळ, पण मानेवर डाव्या बाजूला वाटाण्याएवढा तीळ. तीळ बघितला आणि चाळीस वर्षं एकदम गळून पडली. मी मोठ्ठ्यानं ओरडलो, "ए बाटली!" तो वळला. ओळखलं त्यानं, लगेच ओळखलं, हसू ओठांपर्यंत आलं आणि तिथेच अडकलं. कारण शेजारी त्याची सून होती, तिचे आईवडील होते, आणि एक तरणा पोरगा फिदीफिदी हसत म्हणाला, "काय काका, माळ घालायच्या आधीची हिस्टरी दिसतेय!" सगळे हसले. दारूचीच बाटली वाटणार ना लोकांना, अजून काय वाटणार. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला, "आमचे जुने शेजारी, भायखळ्याचे," अशी ओळख करून दिली, आणि मग जेवण होईपर्यंत माझ्या वाऱ्यालाही उभा राहिला नाही.

दारूचा तर काही संबंधच नव्हता. ती सोड्याची बाटली होती. 1982, गिरणी संप चालू, आमच्या चाळीतले निम्मे बाप घरी बसलेले, आणि एक पुढारी गाडीतनं येणार म्हणून नाक्यावर ही गर्दी. हा तेव्हा अठरा-एकोणीसचा, माझ्याएवढाच, नववीत शाळा सोडलेला, कुठे कुठे टेम्पररी कामं करणारा, चाळीच्या नाटकात नेहमी शिपायाचा पार्ट. गाडी आली, ह्यानं पानवाल्याच्या क्रेटमधनं बाटली उचलली आणि फेकली. ती गाडीला लागलीच नाही. गाडीच्या मागे चार हात लांब फुटपाथला लागून फुटली. पुढाऱ्याला आपल्यावर काही फेकलं गेलंय हे कळलंसुद्धा नसेल, काचा वर होत्या. पण पोलिसांनी धरला, दोन रात्री आत ठेवला, ठोकला असणार, त्याबद्दल तो कधी बोलला नाही. बाहेर आला तेव्हा आठवडाभर हीरो. मग पुढची कित्येक वर्षं चाळीच्या गॅलरीत एकच वाद, बाटली भरलेली होती की रिकामी? भरलेली म्हणजे पोरगं डेंजर, रिकामी म्हणजे नुसताच आव. जो तो येऊन त्याला विचारायचा आणि तो दर वेळी वेगळं सांगायचा. आणि नाव पडलं ते कायमचं. त्याला मुलगी बघायला गेले तिथेही कुणीतरी हे नाव आधीच पोचवलं होतं म्हणे. शेवटी आई वारल्यावर तो खोली विकून गेला.

तर हे डोक्यात घेऊन मी जूनमध्ये मेलबर्नला आलो, लेकीच्या बाळंतपणाला. बाळंतपणाला बापाचा काय उपयोग, हे बायकोनं मला पहिल्याच दिवशी सांगितलं. भांडी मशीन घासतं, लंगोट विकतचे, डिंकाचे लाडू आम्ही येतानाच आणलेले. मग माझ्याकडे काम आलं बाबागाडी ढकलण्याचं. थंडी अशी की नाकाचा शेंडा आपला वाटत नाही. नातवाला तीन थरांत गुंडाळायचं आणि फ्लॅगस्टाफ गार्डनमध्ये चकरा मारायच्या, गाडी थांबली की तो रडतो, म्हणून थांबायचं नाही. बागेसमोर किंग स्ट्रीटच्या कोपऱ्यावर एक जुनं दगडी चर्च आहे, सेंट जेम्स. आजूबाजूला काचेच्या बिल्डिंगा आणि मध्ये हे, लग्नात एखाद्या म्हाताऱ्या आत्याला खुर्ची देऊन बसवलेलं असतं तसं. जावयाला विचारलं हे काय आहे, तर म्हणाला बाबा हे मूळचं इथलं नाही, कॉलिन्स स्ट्रीटच्या कोपऱ्यावर होतं, 1914 च्या सुमारास दगड न दगड उचलून इथे आणलं. आणि मग म्हणाला, तुम्हाला राणीच्या गोष्टी आवडतात ना, ह्या चर्चच्या एका कारभाऱ्याबद्दल वाचा.

राणीच्या गोष्टी मला आवडतात असं नाही, राणी आमच्या शेजारची होती एवढंच. राणीच्या बागेत म्युझियमच्या आवारात व्हिक्टोरिया बसलेली असते, संगमरवरी, नाक नसलेली. आम्ही लहानपणी घारापुरीच्या दगडी हत्तीला हात लावून मग तिच्याकडे जायचो. नाक नाही म्हणून आम्हाला ती राणी वगैरे वाटायचीच नाही, गावाकडच्या एका म्हातारीसारखी वाटायची. बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी हा पुतळा मुंबईला दिला, 1872 ला फोर्टात बसला, आणि 1896 मध्ये दामोदर चाफेकरांनी त्याला डांबर फासलं, हे सगळं मला खूप नंतर कळलं. लहानपणी वाटायचं नाकही त्यांनीच तोडलं. मेलबर्नलाही तिचा पुतळा आहे, 1907 चा, मी मुद्दाम जाऊन बघितला. नाक शाबूत. जरा परकीच वाटली.

कारभाऱ्याचं नाव जॉन फ्रीमन. घरं रंगवायचा धंदा. साठीच्या आसपासचा, टापटीप, चर्चच्या कामात पुढे, वेस्ट मेलबर्नमध्ये लोकांना शहाणं करून सोडणारं एक मंडळ होतं त्यात पदाधिकारी, रात्री शहराच्या गलिच्छ गल्ल्यांतनं फिरून पेपरात त्यावर लिहिणारा. 1881 मध्ये दोन मुलं असलेल्या एका विधवेशी लग्न केलं. 1888 मध्ये मेलबर्नच्या जगण्यावरचं त्याचं पुस्तक लंडनहून निघालं. आपल्याकडे वाचनालयाचे सेक्रेटरी असतात ना, गणपतीत व्याख्यानमाला ठेवणारे, अगदी तसा माणूस डोळ्यासमोर येतो.

ह्या माणसानं राणीवर गोळ्या झाडल्या होत्या.

10 जून 1840. तेव्हा त्याचं नाव एडवर्ड ऑक्सफर्ड, वय अठरा, बर्मिंगहॅमचा, लंडनच्या दारूच्या गुत्त्यांत पोऱ्या म्हणून कामं केलेला आणि नुकतीच नोकरी सुटलेला. दोन पौंडांना पिस्तुलांची जोडी घेतली, नेमबाजीच्या दुकानांत जाऊन थोडी प्रॅक्टिस केली आणि बकिंगहॅम राजवाड्याच्या बाजूच्या कॉन्स्टिट्यूशन हिलवर जाऊन उभा राहिला. संध्याकाळी सहाच्या सुमाराला राणी आणि अल्बर्ट उघड्या बग्गीतनं निघाले. राणी एकवीस वर्षांची, लग्नाला चार महिने झालेले, चौथा महिना चालू. (हे वाचताना मी बाबागाडी हलवायची थांबलो आणि नातू रडायला लागला.) पहिली गोळी सुटली तेव्हा तिचं लक्षच नव्हतं, ती दुसरीकडे बघत होती. त्यानं दुसरं पिस्तूल उचललेलं तिला दिसलं, ती खाली वाकली, ते डोक्यावरून गेलं. एवढं झाल्यावर एखादी बाई घरी पळाली असती. ही तशीच बग्गीतनं आईकडे गेली, आईला भेटली, मग हाइड पार्कात चक्कर मारली आणि लोकांच्या गराड्यात परत आली.

पण मला खरा पकडला तो त्याच्या नंतरच्या एका मिनिटानं. गोळ्या झाडल्यावर लो नावाच्या माणसानं धावत जाऊन त्याच्या हातातलं पिस्तूल हिसकावलं. आता पिस्तूल कुणाच्या हातात, तर लोच्या. गर्दीनं त्यालाच धरलं, हाच तो, मारा ह्याला. ऑक्सफर्डला निसटायला ह्याहून चांगला चान्स कुठला? तर तो तिथेच उभा राहून ओरडायला लागला, मी केलं, मी, तो मीच! म्हणजे भीती पकडले जाण्याची नाही, क्रेडिट दुसऱ्याला जाईल ह्याची. घरी त्याच्या पेटीत एका गुप्त संघटनेची कागदपत्रं सापडली, 'यंग इंग्लंड', तिचे नियम, मेंबरांनी कुठली शस्त्रं ठेवायची, हुद्दे, खोटी नावं. पोलिसांनी शोधलं तर मेंबर एकच, हा. मला आमच्या चाळीचा 'वाघ ग्रुप' आठवला, शिक्का करून आणला होता आम्ही, आणि मेंबर पाच, त्यातल्या दोघांना संध्याकाळी सातनंतर घराबाहेर परवानगी नव्हती. अठराव्या वर्षी सगळ्यांच्याच पेटीत असली कागदपत्रं असतात. पिस्तुलं नसतात एवढंच.

आणि मग तो प्रश्न. पिस्तुलं भरलेली होती की नुसती दारू ठासून बार काढला होता?

शप्पथ सांगतो, हे वाचलं आणि मी मोठ्यानं हसलो, समोरच्या बाकावरच्या बाईनं वळून बघितलं. रस्ता झाडला, समोरच्या भिंतीचा दगडन् दगड तपासला, गोळी मिळाली नाही. खटल्यात वकिलांनी ह्याचा कीस काढला. बाप कसा तऱ्हेवाईक होता, पोरगा कारण नसताना कसा खदाखदा हसत सुटायचा, हे आईनं कोर्टात येऊन सांगितलं. बिचारी. पोराला फासापासून वाचवायचं म्हणून नवऱ्याची आणि पोराची असली लक्तरं भर कोर्टात काढायची. ज्यूरीनं वेडा म्हणून सोडला. सोडला म्हणजे आपल्याकडे म्हणतात तसा ठाण्याला पाठवला, राणीची मर्जी असेल तोपर्यंत. ती मर्जी सत्तावीस वर्षं टिकली. गंमत म्हणजे तो वेडा नाही हे तिथल्या लोकांना पहिल्यापासून दिसत होतं. बेथलेमच्या त्या इस्पितळात चोवीस वर्षं, मग ब्रॉडमूरला तीन. तिथे हा पठ्ठ्या फ्रेंच शिकला, जर्मन, इटालियन शिकला, थोडं लॅटिन-ग्रीक, व्हायोलिन वाजवायला लागला, बुद्धिबळात त्याला कुणी हरवेना, आणि रंगाऱ्याचं काम शिकला. गुत्त्यातला पोऱ्या बाहेर राहिला असता तर ह्यातलं काय शिकला असता?

(ऑक्सफर्डच्या खटल्यानंतर तीन वर्षांनी त्याच बेथलेममध्ये मॅकनॉटन आला, पंतप्रधानाच्या सेक्रेटरीला पंतप्रधान समजून मारणारा. वेड्याला गुन्हेगार कधी धरायचं नाही ह्याचे जे नियम त्याच्या खटल्यातनं निघाले ते पुढे आपल्या जुन्या आयपीसीच्या कलम 84 मध्ये उतरले. माझा वकील मित्र ह्यावर तासभर बोलतो, मी तुमच्यावर दया करतो.)

1842 मध्ये तर राणीवर लागोपाठ हल्ले झाले. फ्रान्सिस म्हणून एक होता, त्याचं पिस्तूल पहिल्या दिवशी उडालंच नाही आणि तो पसार झाला. राणीनं काय करावं? दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्यानं पुन्हा बग्गी काढली, त्याला बिळातनं बाहेर काढायला, आणि सोबतच्या बायकांना मुद्दाम घरी ठेवलं. तो आला, बार काढला, पकडला गेला. मग महिन्याभरानं बीन नावाचं एक कुबड आलेलं पोर आलं, त्याच्या पिस्तुलात कागद आणि तंबाखू. तो गर्दीत सटकला तर पोलिसांनी लंडनमधली कुबड आलेली पोरं धरून आणायला सुरुवात केली. मला ती बाकीची पोरं दिसतात. सकाळी कामाला निघालेली, आणि कॉलरला हात. एकूण सात जण झाले, शेवटचा 1882 मध्ये विंडसर स्टेशनवर, मॅक्लीन. त्याला शाळकरी पोरांनी छत्र्यांनी झोडपला. त्यालाही वेडा म्हणून निर्दोष ठरवल्यावर राणी जाम भडकली, गोळी झाडताना मी बघितलाय, निर्दोष कसा? मग पुढच्या वर्षी कायदाच बदलला, निकालात 'दोषी, पण वेडा' असं लिहायचं. तिच्या जागी कुणीही भडकलं असतं म्हणा.

मला मात्र चाफेकरांची आठवण येत राहिली, आणि ती नीट बसेना कुठे. 22 जून 1897 च्या रात्री, ह्याच राणीच्या साठ वर्षांच्या जल्लोषातनं परतताना गणेशखिंडीत रँडवर गोळी झाडली गेली, आणि तो त्यातच पुढे मेला. तिघे भाऊ फासावर गेले. खुद्द राणीवर पिस्तूल रोखणारा एकही फासावर गेला नाही, आणि पहिला तर तेव्हा मेलबर्नमध्ये फ्रीमन म्हणून राहत होता. ही तुलना बरोबर नाही हे मला कळतं, रँड मेला, राणीला एकही गोळी लागली नाही, आणि चाफेकरांना प्रसिद्धीची खाज नव्हती, पुण्यात प्लेगच्या वेळी घराघरांत काय झालं ते त्यांनी बघितलं होतं. तरी पण. राजद्रोह्याला वेडा म्हणून व्हायोलिन वाजवू देणं ही चैन लंडनला परवडत होती, पुण्यात नाही.

1867 च्या शेवटी त्याला सोडला. अट एक, देश सोडायचा आणि पुन्हा यायचं नाही. जहाजात बसला तो 1868 मध्ये मेलबर्नला उतरला. आता बघा हं. राणीवर गोळ्या झाडलेला माणूस, त्याला जागा मिळाली कुठे, तर ज्या वसाहतीचं नाव व्हिक्टोरिया आहे तिथे. शहराचं नाव मेलबर्न, म्हणजे गोळ्या झाडल्या तेव्हाचा इंग्लंडचा पंतप्रधान. बग्गीत शेजारी बसलेल्या नवऱ्याच्या नावानं अल्बर्ट पार्क. 1878 मध्ये त्याच्या घरापासून चालत जाण्यासारखं क्वीन व्हिक्टोरिया मार्केट उघडलं, जिथे मी शनिवारी लेकीसाठी मासे घ्यायला जातो, आणि तो बांगड्याला बांगडा न म्हणणारा ग्रीक माझ्याशी हुज्जत घालतो. पत्र लिहायचं तर तिकिटावर राणी, खिशातल्या नाण्यावर राणी. कढीपत्त्यासारखी जिकडेतिकडे. आणि उतरून महिना-दोन महिने होतात न होतात तोच सिडनीला राणीच्या मुलावर, आल्फ्रेडवर, एकानं पाठीत गोळी झाडली. अख्खं ऑस्ट्रेलिया हादरलं, सभा, निषेध, वर्गण्या, त्याच्या नावानं इस्पितळं. तेव्हा हा नवाकोरा फ्रीमन कुठल्यातरी खोलीत बसून पेपर वाचत असणार. शेजारचा म्हणाला असेल, असल्यांना भर चौकात लटकवायला पाहिजे. आणि हा काय म्हणाला असेल? हो म्हणाला असेल. अजून काय म्हणणार.

फ्रीमन. मोकळा माणूस. नाव निवडताना जरा तरी लपवायचं.

त्यानं कुणालाही सांगितलं नाही, हे मला राहूनराहून अचंब्याचं वाटतं. "मी, तो मीच" म्हणून बोंबलणारं पोरगं, आणि पुढे बत्तीस वर्षं तोंडातनं चकार शब्द नाही. बायकोलासुद्धा नाही. जगात एकच माणूस धागा ठेवून होता, इस्पितळातला जुना कारभारी, हेडन नावाचा, त्याला हा पत्रं लिहायचा, आणि त्यातल्या एकात लिहिलंय की माझ्या सुखदुःखात वाटा घेणाऱ्या बायकोलाही इतर जगापेक्षा जास्त काही ठाऊक नाही. त्या पत्रांमुळेच पुढे, तो मेल्यावर किती वर्षांनी, लोकांना कळलं की फ्रीमन म्हणजे कोण. 23 एप्रिल 1900 ला तो गेला. राणी त्याच्यानंतर नऊ महिन्यांनी. म्हणजे ती जिवंत असेपर्यंत तोंड बंद ठेवलंच, आणि नंतर उघडायला उरला नाही. आपल्या आयुष्यातला सगळ्यात मोठा किस्सा, आणि तो जेवणाच्या टेबलावर, दारू पिताना, बायको रुसलेली असताना, कधीच काढायचा नाही. मला तर कॉलेजच्या स्नेहसंमेलनात एकदा स्टेजवर पडलो होतो ते अजून दर पाहुण्याला सांगावंसं वाटतं.

आणि इथे मला बाटलीचा चेहरा दिसतो, जिलबीच्या कढईच्या उजेडात. ज्याला सांगायचं नव्हतं त्याचं आम्ही चाळीस वर्षं सांगत राहिलो. आम्ही म्हणजे चाळ, असं मी बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, चाळ वगैरे नको, हे नाव ठेवलं कुणी? मी ठेवलं. लॉकअपमधनं सुटून तो जिना चढत होता, कॉलर फाटलेली, एक कान लाल, आणि मी वरच्या कठड्यावरनं ओरडलो, "आली रे बाटली!" सगळे हसले, तोही हसला, मला वाटलं त्याला आवडलं. तेव्हा आवडलंही असेल. मग आवडेनासं कधी झालं असेल, आणि त्या दिवशी मी कुठे होतो?

चर्चचा दरवाजा मी तीनदा जाऊन बघितला, तिन्ही वेळा बंद. तसंही तो फिरायचा ती जागा ही नव्हेच, दगड तेवढे तेच. चौथ्या वेळी भिंतीला हात लावून बघितला. बर्फासारखा थंड दगड, एका जागी कुणीतरी च्युइंगगम चिकटवलेलं, आणि बाबागाडीत नातू डोळे उघडे टाकून त्या च्युइंगगमकडे बघतोय.

मग परवा मी एका जुन्या शेजाऱ्याकडनं त्याचा नंबर मिळवला. फोनमध्ये सेव्ह करताना अडलो. पहिलं नाव आठवलं, आडनाव पक्कं ठाऊक, पण ते टाइप केल्यावर असं वाटेना की हा तोच. तरी तसंच ठेवलं. इथे रात्रीचे दहा, तिकडे साडेपाच, माणूस चहा पिऊन निवांत असेल अशी वेळ बघून लावला. मी माझं पूर्ण नाव सांगितलं, बँकेत सांगतात तसं. तो म्हणाला, "बोला." मग थोड्या वेळानं, "बोल." गुडघ्यांबद्दल बोललो. त्याचा एक बदललाय. मेलबर्नला थंडी आहे का, नातवाचं नाव काय ठेवलं, इकडे लाइट गेलेत, असं पंधरा मिनिटं. लग्नातलं मी तीनदा जिभेवर आणलं आणि तीनदा दुसरंच बोललो. बाटली भरलेली होती का, हे तर विचारायचा प्रश्नच नव्हता, पण इतकं सांगतो की विचारावंसं वाटलं, लाज नाही वाटत मला.

फोन ठेवता ठेवता तोच म्हणाला, "आलास की बदलापूरला ये, घरीच ये. स्टेशनवरनं रिक्षा कर, सोसायटीच्या गेटवर कुणालाही विचार." आणि मग जरा थांबून, "इथे मला आप्पा म्हणतात हां."

म्हटलं, बरं आप्पा.

तिकडनं खुर्ची सरकल्याचा आवाज आला, कुणीतरी मागे विचारत होतं कोणाचा फोन, आणि तो म्हणाला, "माझा मित्र आहे, ऑस्ट्रेलियातनं."